सोडलं, सोडून दिलं की काढून घेतलं? इंग्रजी बातमी मराठीत आणणाऱ्या नव्या उपसंपादकांसाठी

मराठी डेस्कवर नव्याने रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच लक्षात येईल, एजन्सीच्या कॉपीत रोज कोणी ना कोणी काहीतरी सोडत असतं. मंत्री पद सोडतो, कर्णधार कप्तानी सोडतो, बँक कर्ज सोडते, एखादा देश जमीन सोडतो, न्यायमूर्ती खटला सोडतात, परदेशी स्थायिक झालेले नागरिकत्व सोडतात. इंग्रजी वार्ताहराकडे या प्रत्येकासाठी निराळं क्रियापद असतं. आपल्याकडे मात्र पान लावायच्या घाईत सगळ्यांची रवानगी दोनच खणांत होते: ‘सोडलं’ किंवा ‘राजीनामा दिला’.

नुसती भाषा ढिली झाली असती तर एक वेळ चाललं असतं. इथे तथ्यच बदलतं आणि दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. म्हणून मी डेस्कवर नव्याने येणाऱ्यांना तीन प्रश्न पाठ करायला सांगते. नेमकं काय सुटलं? कोणाच्या मर्जीने सुटलं? आणि खरंच सुटलं, की अजून फक्त बोलणं झालंय? खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांभोवतीच फिरतात.

हाताशी काय हवं

- संविधानाची मराठी प्रत. अनुच्छेद १०१, १९०, २१७ आणि पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची या पानांना खुणा करून ठेवा.
- भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार आणि न्यायव्यवहार कोश. त्यातला प्रत्येक शब्द छापायलाच हवा असं नाही, पण कायद्यातली संज्ञा कोणती ते तिथे पटकन कळतं.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा एक चांगला इंग्रजी-इंग्रजी कोश. इंग्रजी-मराठी कोशात या सगळ्या क्रियापदांपुढे ‘त्याग करणे, सोडून देणे’ एवढंच सापडतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.
- मूळ कागद: राजीनाम्याचं पत्र, न्यायालयाचा आदेश, मंत्रालयाचं निवेदन, मंडळाचं पत्रक. आजकाल बहुतेक वेळा तो बातमीच्या आधीच समाजमाध्यमांवर आलेला असतो.

१. आधी कर्म शोधा

इंग्रजी मथळ्यात कर्म गाळायची सवय आहे. ‘मिनिस्टर क्विट्स’ एवढंच येतं. काय सोडलं? मंत्रिपद, पक्ष, आमदारकी, की तिन्ही? दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जाऊन कर्म सापडेपर्यंत मराठी वाक्य लिहायला घेऊ नका. मंत्रिपद सोडलेला माणूस आमदार राहतो. पक्ष सोडलेल्याची आमदारकी राहते की जाते, हा वेगळाच तंटा असतो आणि त्यावर पुढे बोलू.

घरगुती गॅसचं उदाहरण घ्या. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘गिव्ह इट अप’ ही मोहीम सुरू केली. ऐपत असलेल्यांनी गॅसवरचं अनुदान आपणहून सोडावं, एवढंच आवाहन होतं. इंग्रजी बातम्यांत कुठे ‘गिव्ह अप सबसिडी’ असायचं, कुठे ‘सरेंडर सबसिडी’, तर कुठे घाईत ‘सरेंडर एलपीजी’. आता गॅस ‘सरेंडर’ करणं म्हणजे सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून अनामत परत घेणं. अनुदान सोडणाऱ्याचा सिलिंडर घरातच राहतो, फक्त तो पूर्ण दराने मिळतो. कर्म अर्धं वाचून ‘इतक्या ग्राहकांनी गॅस सोडला’ असं लिहिलंत, तर वाचक चूल पेटवायची तयारी करेल.

२. मर्जी कोणाची ते ठरवा

सोडण्याच्या प्रत्येक क्रियापदामागे कर्त्याच्या इच्छेचं कमीजास्त माप असतं. ‘रिलिंक्विश’मध्ये माणूस ताबा किंवा हक्क आपणहून सोडतो, पण मनातून नाखूश असू शकतो. ‘रिनाउन्स’मध्ये जाहीर, विधिवत नाकारणं असतं. ‘यील्ड’मध्ये दबाव असतो, म्हणजे आपलं नमतं घेणं. ‘फोरफिट’मध्ये इच्छेचा प्रश्नच येत नाही, काहीतरी केल्याची किंवा न केल्याची शिक्षा म्हणून हक्क जातो. ‘स्ट्रिप्ड ऑफ’ तर सरळ काढून घेणं.

विराट कोहलीच्या कर्णधारपदाची बातमी नवोदितांना समजवायला फार उपयोगी पडते. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने विश्वचषकानंतर टी-ट्वेंटीचं कर्णधारपद सोडत असल्याचं स्वतः जाहीर केलं. डिसेंबर २०२१ मध्ये एकदिवसीय संघाची धुरा निवड समितीने रोहित शर्माकडे दिली. तिथे कोहलीने काही सोडलं नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये कसोटीचं कर्णधारपद पुन्हा त्याने स्वतः सोडलं. तीन प्रकार, चार महिने, आणि मधल्याची जात वेगळी. तरीही ‘कोहलीने तिन्ही कर्णधारपदं सोडली’ हे वाक्य आजही सर्रास छापलं जातं. पार्श्वभूमीचा परिच्छेद जुन्या बातमीतून उचलताना असली वाक्यं हमखास शिरतात.

ब्रिटिश राजघराण्याकडूनही हाच धडा मिळतो. १७ ऑक्टोबर २०२५ ला प्रिन्स अँड्र्यू यांनी आपण किताब यापुढे वापरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा इंग्रजी मथळे ‘गिव्ह्ज अप टायटल्स’ असे होते. ३० ऑक्टोबरला राजवाड्याने ते किताब काढून घेण्याची औपचारिक प्रक्रिया सुरू झाल्याचं सांगितलं, आणि क्रियापद एकदम ‘स्ट्रिप्ड’ झालं. पहिल्या दिवशी ‘किताबांचा त्याग’ असं लिहिणाऱ्याला दुसऱ्या बातमीत ‘मग आता काढून काय घेतलं?’ या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही. पहिल्या दिवशी ‘किताब वापरणं थांबवणार’ एवढंच खरं होतं.

३. राजीनामा कोणत्या टप्प्यावर आहे?

इथे वेळ काढा. सर्वांत जास्त खुलासे याच पायरीवरून छापले जातात.

इंग्रजी कॉपीत राजीनाम्याचे टप्पे वेगवेगळ्या क्रियापदांत असतात. ‘ऑफर्ड टू रिझाइन’ म्हणजे राजीनाम्याची तयारी दाखवली, कागद अजून कोऱ्याचा कोराच. ‘टेंडर्ड’ किंवा भारतीय इंग्रजीतला लाडका ‘पुट इन हिज पेपर्स’ म्हणजे पत्र दिलं. ‘अ‍ॅक्सेप्टेड’ म्हणजे मंजूर झाला. ‘रिलीव्ह्ड’ म्हणजे कार्यमुक्त केलं. या चारही ठिकाणी ‘राजीनामा दिला’ लिहून चालत नाही. पहिल्या वेळी ‘राजीनाम्याची तयारी’, दुसऱ्या वेळी ‘राजीनामा सादर’, तिसऱ्या वेळी ‘राजीनामा मंजूर’ असं लिहा. मथळ्यात जागा तेवढीच लागते.

पुढचा प्रश्न: पत्र कोणाच्या नावे आहे? आमदाराने सदस्यत्व सोडायचं तर विधानसभा अध्यक्षांच्या किंवा विधान परिषदेच्या सभापतींच्या नावे सहीचं पत्र लागतं, आणि राजीनामा स्वेच्छेचा व खरा आहे याची खात्री पटली नाही तर ते तो नाकारू शकतात. अनुच्छेद १९० मध्ये हे स्पष्ट आहे. खासदारांसाठी तशीच तरतूद १०१ मध्ये आहे. आंदोलन पेटलं की राजीनाम्यांचा पाऊस पडतो. त्यातली काही पत्रं पक्षप्रमुखांच्या नावे असतात, काही आंदोलकांच्या हाती दिलेली असतात. त्यांनी आमदारकीच्या केसालाही धक्का लागत नाही. पत्राचा फोटो मोठा करून वरची ‘प्रति’ची ओळ वाचा, मगच इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, लिहा. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेगळं आहे. अनुच्छेद २१७ नुसार ते राष्ट्रपतींना उद्देशून स्वतःच्या सहीने लिहितात, आणि तिथे मंजुरीची अट नाही. त्यामुळे ‘न्यायमूर्तींचा राजीनामा मंजूर होणार का?’ हा चौकटीचा मथळा मुळात निकामी.

कधीपासून, हेही पाहा. बोरिस जॉन्सन यांनी ७ जुलै २०२२ ला पक्षनेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं, पण पंतप्रधान म्हणून ते ६ सप्टेंबरपर्यंत होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ ला घोषणा केली आणि २८ फेब्रुवारीच्या रात्री आठपासून पद सोडलं. मधल्या दिवसांत त्यांना ‘माजी’ म्हणणं चूक. ब्रिटनचाच विषय निघालाय तर आणखी एक सापळा सांगून ठेवते. तिथल्या खासदाराला थेट राजीनामा देता येत नाही. त्याला ‘चिल्टर्न हंड्रेड्स’ किंवा ‘मॅनर ऑफ नॉर्थस्टेड’चं नाममात्र पद दिलं जातं आणि त्या नेमणुकीमुळे त्याची जागा आपोआप रिकामी होते. कॉपीत अशी ‘नियुक्ती’ दिसली की ती राजीनाम्याची बातमी आहे हे ओळखा, बढतीची नाही.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं प्रकरण जून २०२२ चं. २२ जूनला उद्धव ठाकरे ‘वर्षा’ सोडून ‘मातोश्री’वर गेले. इंग्रजी कॉपीत ‘व्हेकेट्स’, ‘मूव्ह्ज आउट’ अशी क्रियापदं होती. म्हणजे निवासस्थान सोडलं, पद नाही. मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा त्यांनी २९ जूनला जाहीर केला, बहुमत चाचणीला सामोरं जाण्याआधी. या एका कृतीचं वजन किती होतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालात दिसलं. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं असं घटनापीठ म्हणालं, पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, त्यांनी राजीनामा दिला, म्हणून आधीची स्थिती पुन्हा आणता येणार नाही, असंही म्हणालं. आता कल्पना करा, २२ तारखेलाच कोणी ‘ठाकरे पायउतार’ असा मथळा दिला असता तर!

राजीनामा परतही येतो. २ मे २०२३ ला शरद पवारांनी राष्ट्रवादीचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, ५ मे रोजी पक्षाच्या समितीने ते फेटाळलं आणि पवारांनी निर्णय मागे घेतला. तिथे २ तारखेच्या बातमीत ‘सोडण्याची घोषणा’ लिहिणारे सुखात राहिले.

आणि सरकारी अधिकाऱ्यांबद्दल एक. ‘आयपीएस ऑफिसर क्विट्स’ असं आलं की विचारा, राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती? निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनामा दिला की साधारणपणे आधीची सेवा हातची जाते. स्वेच्छानिवृत्तीत पेन्शन शाबूत राहतं. अधिकाऱ्याच्या घरच्यांना हा फरक चांगलाच कळतो, आणि ते फोन करतात.

४. पक्ष ‘सोडणं’ हे राजीनाम्याहून मोठं

हा भाग गोव्यातून शिकावा. दहाव्या अनुसूचीत अपात्रतेचं पहिलं कारण आहे ते पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडून देणं. इंग्रजी पाठात तिथे ‘व्हॉलंटरिली गिव्हन अप’ हे शब्द आहेत, ‘रिझाइन्ड’ नाही. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दोन आमदार पक्षाचा राजीनामा न देता विरोधी गोटाबरोबर राज्यपालांकडे गेले. आम्ही राजीनामा दिलाच नाही, मग पक्ष सोडला कसा, असा त्यांचा बचाव. रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘स्वेच्छेने सोडणं’ आणि ‘राजीनामा देणं’ एकच नव्हे. पहिल्याचा अर्थ व्यापक आहे आणि तो वागणुकीवरूनही काढता येतो. पक्षांतराच्या जवळपास प्रत्येक खटल्यात हा निकाल पुढे येतो.

तेव्हा अपात्रतेच्या याचिकेची बातमी करताना ‘गिव्हन अप’चं भाषांतर ‘राजीनामा दिला’ असं केलंत, तर ज्या मुद्द्यावर खटला उभा आहे तोच तुम्ही एका पक्षाच्या बाजूने निकालात काढलात. ‘सदस्यत्व सोडल्याचा आरोप’ असं लिहा. आरोप शब्द विसरू नका.

५. ‘स्टेप’चं घराणं

‘स्टेप डाउन’ म्हणजे पायउतार होणं. मराठीत हुबेहूब शब्द आहे, वापरा. ‘स्टेप असाइड’ म्हणजे काही काळ बाजूला होणं, पद नावावर ठेवून. ‘स्टेप बॅक’ म्हणजे जबाबदारी कमी करणं किंवा सक्रिय भूमिकेतून मागे येणं.

जून २०१३ मध्ये आयपीएल स्पॉट-फिक्सिंगच्या चौकशीदरम्यान एन. श्रीनिवासन बीसीसीआयच्या अध्यक्षपदावरून ‘स्टेप असाइड’ झाले आणि दैनंदिन कारभार जगमोहन दालमियांकडे गेला. अध्यक्षपद श्रीनिवासन यांच्याकडेच होतं. सगळा वाद त्याचाच होता: राजीनामा का नाही? मराठीत ‘श्रीनिवासन यांचा राजीनामा’ असा मथळा केला असता तर उरलेली बातमी वाचण्यात अर्थच उरला नसता. जानेवारी २०२० मध्ये प्रिन्स हॅरी आणि मेगन यांनी राजघराण्यातल्या ज्येष्ठ भूमिकेतून ‘स्टेप बॅक’ होत असल्याचं जाहीर केलं. हॅरीचा वारसाक्रम तसाच राहिला. ‘राजपद सोडलं’ हा तिथे शुद्ध बनाव ठरतो. राजपद सोडलं ते आठव्या एडवर्डने, डिसेंबर १९३६ मध्ये. त्यासाठी इंग्रजीत ‘अ‍ॅब्डिकेट’ राखून ठेवलंय. २०१९ मध्ये जपानचे सम्राट अकिहितो यांच्यासाठीही तेच आलं. राजत्याग, सिंहासनत्याग हे शब्द फक्त इथेच शोभतात. नगराध्यक्षाला लावू नका.

६. जमिनीची बातमी: क्रियापद म्हणजेच भूमिका

‘सीड’ (cede), म्हणजे प्रदेश तोडून देणं, हे क्रियापद दिसलं की थांबा. त्यात तीन गोष्टी गृहीत असतात: जमीन आपली होती, आपण ती दिली, आणि सार्वभौमत्वासकट दिली. यातली एकही गोष्ट वादात असेल तर ते क्रियापद उचलणं म्हणजे बाजू घेणं.

कच्चाथीवू बेटाचं पाहा. १९७४ च्या भारत-श्रीलंका करारानंतर ते श्रीलंकेच्या बाजूला गेलं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर पंतप्रधानांनी काँग्रेसने बेट देऊन टाकल्याचा आरोप केला आणि इंग्रजी कॉपीत ‘सीडेड’, ‘गेव्ह अवे’, ‘हँडेड ओव्हर’ असा क्रियापदांचा गोंधळ उडाला. पण २०१५ मध्ये माहिती अधिकारात परराष्ट्र मंत्रालयाने दिलेलं उत्तर होतं की हा भाग कधी सीमांकित झालाच नव्हता, त्यामुळे भारताचा प्रदेश मिळवण्याचा किंवा देण्याचा प्रश्न नव्हता. मग तुम्ही काय लिहाल? निवेदकाच्या आवाजात ‘१९७४ च्या करारानुसार बेट श्रीलंकेच्या हद्दीत गेलं’, आणि ‘देऊन टाकलं’ हे ज्याने म्हटलं त्याच्या तोंडी, अवतरणात.

काराकोरममधल्या शक्सगाम खोऱ्याचंही असंच. १९६३ मध्ये पाकिस्तानने ते चीनला दिलं. भारताची भूमिका अशी की तो प्रदेश पाकिस्तानचा नव्हताच, त्यामुळे हे देणं बेकायदा. परदेशी एजन्सी नुसतं ‘सीडेड’ म्हणून मोकळी होते.

देणं, भाड्याने देणं आणि परत करणं यांचीही गल्लत होते. हाँगकाँग बेट १८४२ च्या नानकिंग करारात चीनने ब्रिटनला कायमचं तोडून दिलं. न्यू टेरिटरीज १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. १९९७ मध्ये सगळंच चीनकडे परत आलं आणि इंग्रजीत त्याला ‘हँडओव्हर’ म्हणतात. आपल्या मुंबईचंच घ्या ना. ‘आंदण दिली’ म्हणून आपण एका दमात सांगतो, पण १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने ती इंग्लंडच्या राजाला कबूल केली, गोव्यातल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने टाळाटाळ केली, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. तिसरी पायरी इथेही लागू पडते.

घरच्या जमिनीच्या बातमीत ‘रिलिंक्विशमेंट डीड’ आलं तर भाषांतर करत बसू नका. तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळे त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. ‘गिफ्ट डीड’ म्हणजे बक्षीसपत्र. बहिणीने भावाच्या नावे ‘मालमत्तेचा त्याग केला’ असं छापून आलेलं पाहिलं की वाटतं, हिने हिमालयाची वाट धरली की काय.

७. पैसा: ‘वेव्ह’, ‘राइट ऑफ’, ‘फोरगो’

‘वेव्हर’ म्हणजे माफी. महाराष्ट्रात २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि डिसेंबर २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या माफीच्या योजना. शेतकऱ्याचं देणं सरकारने भरलं. ‘राइट ऑफ’ म्हणजे बुडीत कर्ज बँकेच्या ताळेबंदातून काढणं, मराठीत निर्लेखन. कर्जदाराचं देणं संपत नाही, वसुली सुरू राहू शकते. संसदेत आकडा आला की ‘उद्योगपतींना इतक्या कोटींची कर्जमाफी’ हा मथळा हातातून निसटायला वेळ लागत नाही. निर्लेखनावर टीका जरूर व्हावी, वसुली किती होते हेही विचारावं. पण माफी आणि निर्लेखन एका खणात टाकून नव्हे.

‘फोरगो’ म्हणजे मिळणार होतं ते न घेणं. ‘कट’ म्हणजे कोणीतरी कापणं. एप्रिल २०२० मध्ये राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि राज्यपालांनी आपणहून कमी वेतन घ्यायचं ठरवलं. खासदारांचं ३० टक्के वेतन अध्यादेशाने कापलं गेलं. बातमी एकच, क्रियापदं दोन.

८. ‘सरेंडर’: एक शब्द, पाच बातम्या

फौज शरणागती पत्करते: १६ डिसेंबर १९७१, ढाका, जनरल नियाझी. गडचिरोलीत नक्षलवादी आत्मसमर्पण करतात. आरोपी न्यायालयात शरण येतो किंवा पोलिसांत हजर होतो. त्याला ‘अटक केली’ म्हणू नका, कारण जामिनाच्या सुनावणीत वकील याच फरकावर बोलणार असतो. आणि विम्याची पॉलिसी सरेंडर होते. तिथे सरेंडरच लिहा. एजंटपासून ग्राहकापर्यंत सगळे तेच म्हणतात.

पाचवा प्रकार परदेशातल्या मराठी वाचकांना थेट लागतो. २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं आणि इंग्रजीत ‘रिनाउन्स्ड’ असे मथळे झाले. मराठीत ते ‘त्याग’ झालं, आणि त्यावर लेखही आले. पण नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. कलम ८ मध्ये घोषणापत्र देऊन नागरिकत्व सोडणं. कलम ९ मध्ये दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर भारतीय नागरिकत्व आपोआप संपणं. अमेरिकेची शपथ घेतलेला पुण्याचा माणूस सहसा दुसऱ्या वाटेने जातो. मग तो भारतीय पासपोर्ट जमा करून ‘सरेंडर सर्टिफिकेट’ घेतो, जे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाच्या अर्जाला लागतं. त्याने देशावर पाणी सोडलं की आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही म्हणून ते गेलं, हे तुमच्या क्रियापदाने ठरवू नका. ‘नागरिकत्व सोडलं’ पुरेसं आहे.

९. कोर्टातले दोन सापळे

‘रिक्यूज’ म्हणजे न्यायमूर्ती त्या प्रकरणाच्या सुनावणीतून बाजूला झाले. पद, पीठ, काही सुटलेलं नसतं.

‘वेव्ह्ज एक्स्ट्राडिशन’ हा अमेरिकी कॉपीतला प्रकार त्याहून फसवा. घाईत ‘प्रत्यार्पण माफ’ असं होतं, म्हणजे अर्थ बरोब्बर उलटा! आरोपीने प्रत्यार्पणाला आव्हान देण्याचा हक्क सोडलेला असतो, आणि त्याला लगेच दुसऱ्या राज्यात नेतात. जिथे ‘वेव्ह’ आहे तिथे ‘हक्क’ हा गाळलेला शब्द मनात भरून वाचा.

१०. निवडणूक आणि मैदान

‘विड्रॉ’ म्हणजे मुदतीत अर्ज मागे घेणं. मुदत टळल्यावर एखादा उमेदवार दुसऱ्याला पाठिंबा जाहीर करतो, तेव्हा त्याचं नाव यंत्रावर राहतंच आणि त्याला मतंही पडतात. त्याला ‘माघार’ म्हणू नका. ‘पाठिंबा जाहीर’ म्हणा. अमेरिकेत ‘सस्पेंड्स कॅम्पेन’ असं येतं. व्यवहारात ती माघारच असते, तरी मतपत्रिकेवर नाव उरू शकतं, जसं २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचं काही राज्यांत उरलं. त्याच वर्षी २१ जुलैला बायडन शर्यतीतून बाहेर पडले, अध्यक्षपदावर मात्र जानेवारीपर्यंत होते.

‘कन्सीड’ निवडणुकीत पराभव मान्य करणं, फुटबॉलमध्ये गोल खाणं, क्रिकेटमध्ये धावा देणं. ‘फोरफिट’ मात्र सामना गमावल्याचं ठरवलं जाणं: ऑगस्ट २००६, ओव्हल, चेंडू कुरतडल्याच्या ठपक्यावरून पाकिस्तानचा संघ चहापानानंतर मैदानात उतरला नाही आणि पंचांनी कसोटी इंग्लंडला बहाल केली. हा ‘पाकिस्तानने सामना सोडला’ की ‘पंचांनी काढून घेतला’, यावर आयसीसीतच पुढे घोळ झाला. २००८ मध्ये निकाल अनिर्णित केला, २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडचा विजय.

११. शेवटी मथळा

इंग्रजीत ‘क्विट’ इतकं दिसतं त्याचं कारण ते चार अक्षरांचं आहे. कॉलमात मावतं, बस्स. त्याच्या नादी लागून आपण आक्रमक व्हायचं कारण नाही. ‘चले जाव’मधलं ‘क्विट’ आणि ‘सीईओ क्विट्स’मधलं ‘क्विट’ यांचा आवेश एक नाही.

आपल्याकडे मथळ्याला शब्द भरपूर आहेत, फक्त प्रत्येकात मत लपलेलं असतं हे ध्यानात ठेवा. ‘रामराम ठोकला’ म्हणजे सहज, परत न येण्यासाठी. ‘सोडचिठ्ठी’त कटुता आहे. ‘जय महाराष्ट्र केला’ हे शिवसेनेतून बाहेर पडणाऱ्यालाच शोभतं. ‘तुळशीपत्र ठेवलं’ म्हणजे त्यावरचा हक्क कायमचा सोडला. ‘नांगी टाकली’ म्हणजे तुम्ही त्याला आधीच विंचू ठरवलंत. आणि ‘त्याग’! मे २००४ मध्ये सोनिया गांधींनी पंतप्रधानपद स्वीकारायला नकार दिला, तेव्हा इंग्रजी-मराठी दोन्हीकडे तो ‘रिनाउन्स’ आणि ‘त्याग’ झाला. न घेतलेल्या पदाला खरं तर ‘नाकारलं’ म्हणायचं. ‘त्याग’ समर्थकांच्या तोंडी येऊ दे, ‘नाटक’ विरोधकांच्या तोंडी.

कायद्याच्या बातमीत विधेयक मागे घेतात आणि कायदा रद्द करतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली, पण ते रद्द झाले संसदेने वेगळं विधेयक मंजूर केल्यावर.

पान सोडण्याआधी एवढं करा. मथळा, इंट्रो, फोटोओळ आणि टिकर यांतली क्रियापदं एकाखाली एक वाचा. मथळ्यात ‘पायउतार’, इंट्रोत ‘राजीनामा सादर’ आणि फोटोओळीत ‘माजी’ असं दिसलं, तर तिघांपैकी दोघे चूक आहेत. आधी फोटोओळ दुरुस्त करा. तिथे कोणी पाहत नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि फोनवर आलेला वाचक नेमकी तीच वाचून दाखवतो.